समोरचे चार दात

डॉक्टर अनघाने चिमट्याने माझा वरचा, समोरचा दात धरला आणि हलकेच पुढे-मागे केला. मला काहीच दुखलं नाही. पण खुर्चीशेजारी उभी असलेली माझी बायको रेजिना "जेजू!" असं येशूचं नाव घेत तोंडावर हात ठेवून मागे सरकली, तेव्हा मला कळलं की दात किती हलला असेल.

मी तेव्हा चोपन्न वर्षांचा होतो. अंधेरीला मरोळच्या बाजूला आमचं जुनं गावठाण आहे, तिथेच जन्मलो, तिथेच राहतो. एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहे. लेथवर आटे पाडण्यात तीस वर्षं गेली. आणि रविवारी, लग्नसराईत, कुणाच्या मयताला ट्रम्पेट वाजवतो. आमचा घरचाच ब्रास बँड. बापाने उभा केला, त्याच्यानंतर माझा मोठा भाऊ फिलिप चालवायचा. तो सॅक्सोफोन वाजवायचा, मी ट्रम्पेट.

ट्रम्पेट वाजवताना माउथपीस ओठांवर टेकतो, पण त्याचा सगळा भार ओठांमागच्या चार दातांवर येतो. वर समोरचे चार. तेच चार गेले, त्याची ही हकीकत. असाच प्रसंग ज्यांच्यावर आलाय त्यांनी ती वाचावी, आणि ज्यांच्यावर अजून आला नाही त्यांनी तर नक्कीच वाचावी.

आधीची दोन वर्षं

ब्रश केला की रक्त यायचं. मी म्हणायचो, ब्रश कडक असेल. मग दोन दातांमध्ये फट पडली. मी म्हणालो, वय झालं. तोंडाला वास यायला लागला, तर लवंग चघळायची. दुखत नव्हतं ना! दुखलं असतं तर गेलोही असतो. हिरड्यांचा आजार असाच असतो, गुपचूप काम करतो, हे मला फार उशिरा कळलं.

एका मयताला कबरस्तानाच्या वाटेवर वाजवत असताना वरचा सूर धरला आणि एक दात आत गेल्यासारखा वाटला. मयताच्या घरचं कुणी सुराकडे लक्ष देत नाही, म्हणून निभावलं. घरी येऊन मी माउथपीस धुवायला घेतला तर रेजिनाने तो माझ्या हातातून काढून घेतला. कड लाल झाली होती.

"हे कधीपासून?"

"आजच."

"अंतोन, खोटं बोलू नको. उशीवर पण डाग असतात."

दुसऱ्या दिवशी तिने मला हाताला धरून नेलं.

खुर्चीत

डॉक्टर अनघा वयाने आमच्या लिनेटएवढी. लिनेट म्हणजे फिलिपची मुलगी. आम्हा दोघांना मूल नाही. फिलिपचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत, त्यामुळे ती दोन्ही घरांत वाढली. तर या मुलीएवढ्या डॉक्टरने स्क्रीनवर माझ्या जबड्याचा एक्स-रे लावला.

"अंकल, दात चांगले आहेत तुमचे. कीड नाही. पण दात ज्या हाडात उभे असतात, ते हाडच झिजून वर सरकलंय. बाकीचे मी सांभाळून ठेवीन. हे चार वाचणार नाहीत."

मग तिने विचारलं, "शुगर कधी तपासली होती?"

कधीच नाही. तिने तिथेच बोटाला सुई टोचली. यंत्रावरचा आकडा बघितला, उठली, केबिनचं दार लावलं आणि परत येऊन बसली. आमच्याकडे वाईट बातमी सांगायची असेल तर आधी दार लावतात.

चार दात आणि डायबिटीस, एकाच सकाळी.

मी तिला एकच प्रश्न विचारला, "ट्रम्पेट वाजवता येईल?"

तिने विचार केला. "खरं सांगू? ट्रम्पेट वाजवणारा पेशंट माझ्याकडे आजपर्यंत आलेला नाही. मी विचारून सांगते."

मला ते उत्तर आवडलं. "सगळं ठीक होईल" म्हणाली असती तर मी दुसरा डॉक्टर शोधला असता.

चार दिवसांनी तिचा फोन आला. तिने तिच्या सरांना विचारलं होतं, आणखी कुणाकुणाला विचारलं होतं. काढता-घालता येणारी कवळी ट्रम्पेटचा दाब सोसणार नाही. शेजारच्या दातांना बांधून ब्रिज करावा तर ते दातही कमजोर. इम्प्लांट बसवले आणि हाडाने ते नीट धरले, तर लोक पुन्हा वाजवू लागले आहेत. "पण शब्द देत नाही, अंकल. आणि आधी शुगर खाली आली पाहिजे. तोपर्यंत मी हात लावणार नाही."

तीन महिने मी भात मोजून खाल्ला आणि पहाटे चर्चच्या मैदानाला फेऱ्या मारल्या. शुगर उतरली. मग एका शनिवारी चारही दात काढले. त्यांना काढायला जोर लागला नाही, याचंच जास्त वाईट वाटलं.

फ

समोरचे दात गेले की काय काय जातं, ते गेल्यावर कळतं. पाव तोडता येत नाही. शिट्टी येत नाही. हसू आलं की हात आपोआप तोंडाकडे जातो. आणि 'फ' म्हणता येत नाही. वरचे दात खालच्या ओठावर टेकले तर 'फ' होतो. मी भिंतीपलीकडे हाक मारायचो ती "हिलिप" अशी जायची. पहिल्या दिवशी तिकडून तो हसला. दुसऱ्या दिवशी हसला नाही; हाक मारायच्या आधीच आला.

डॉक्टरने तात्पुरती कवळी दिली होती, पण हिरड्या भरेपर्यंत ती फार वेळ घालायची नव्हती. वर्कशॉपमध्ये मी बोलणंच बंद केलं. लोकांना वाटलं मी कशावर तरी चिडलोय. आरशात बघितलं की बाप दिसायचा, त्याच्या शेवटच्या वर्षातला.

रेजिनाने त्या दिवसांत काय केलं ते लिहायला हवं. तिने आमचा बाटली मसाला बरणीत बंद करून वरच्या फळीवर ठेवला, कारण माझ्या टाक्यांना तिखट झोंबायचं. आणि स्वतःही बिनमसाल्याचं जेवली. रोज पेज, मऊ भात, डाळ. एक दिवस ओले बोंबील आणले, हळद-मीठ लावून नुसते शिजवले. ओल्या बोंबलाला दात लागत नाहीत, जीभ आणि टाळू पुरे. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मी पोटभर जेवलो. जेवताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम. कुणीतरी बघतंय म्हटल्यावर मला गिळवायचं नाही, हे तिला कळलं होतं.

स्क्रू

हाड भरायला काही महिने गेले. मग इम्प्लांट बसवायचा दिवस आला. आदल्या दिवशी डॉक्टरने मला तो हातात दाखवला, प्लॅस्टिकच्या डबीतून. टायटॅनियमचा स्क्रू. असे दोन बसवायचे आणि त्यांच्यावर चार दात.

मी तो बघितला आणि म्हणालो, "आटे चांगले पाडलेत."

"काय?"

"आटे. माझं तेच काम आहे, डॉक्टर."

भीती जरा कमी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढली. तोंडावर हिरवं कापड टाकतात, फक्त तोंडापुरतं भोक असलेलं. इंजेक्शननंतर दुखत नाही, पण आवाज कवटीतून ऐकू येतो. आधी बारीक ड्रिल, मग जाड, मग त्याहून जाड, आणि वरून सतत थंड पाणी. हे सगळं मला ठाऊक होतं. लेथवर मीही तसंच पाणी सोडतो, नाहीतर धातू जळतो. इथे हाड जळू नये म्हणून. शेवटी रेंचने पीळ देताना ती पुटपुटत आकडे मोजत होती. मी कापडाखाली डोळे मिटून 'नमो मरिये'ची प्रार्थना म्हणत होतो.

उठल्यावर तिने तीन गोष्टी बजावल्या. सिगरेट नाही. शुगर वाढू द्यायची नाही. आणि मी सांगेपर्यंत ट्रम्पेट नाही. "हाड त्या स्क्रूला मिठी मारतं, अंकल. त्याला वेळ लागतो. मध्येच हलवलंत तर ते सोडून देतं."

लग्न

सहा आठवड्यांनी लिनेटचं लग्न होतं.

आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी असतं. बायका नटूनथटून विहिरीवर जातात, नवरीच्या आंघोळीचं पाणी आणतात, आणि पुढे बँड वाजत असतो. मी बँडबरोबर नुसतं चालायचं ठरलं होतं. ट्रम्पेटला वसईहून एक मुलगा बोलावला होता, चांगला वाजवायचा.

निघायच्या वेळी फिलिप माझ्याजवळ आला. त्याच्या हातात माझा ट्रम्पेट. माझ्या घरातून घेऊन आला होता.

"अंत्या, एकच गाणं. विहिरीवर. पोरीला वाटेल ना रे, काका आहे पण वाजवत नाय."

"डॉक्टर नको म्हणालीय."

"डॉक्टरला कोण सांगतंय? हळू वाजव."

रेजिना बायकांच्या घोळक्यातून बघत होती. तिने मान हलवली, नाही म्हणून. ते मी बघितलं. बघून न बघितल्यासारखं केलं.

ट्रम्पेट हळू वाजत नाही. विहिरीवर मी एक गाणं वाजवलं, मग दुसरं. लिनेट रडत होती आणि हसत होती. मला हिरडीत कळ येत होती, तात्पुरत्या कवळीखाली काहीतरी दाबलं जात होतं, तरी मी थांबलो नाही. वर्षभरानंतर माझ्या तोंडून माझा आवाज निघत होता. ते सुख किती होतं हे मी नाकारणार नाही. नाकारलं तर हे लिहिण्याला अर्थ नाही.

दहा दिवसांनी उजवीकडची हिरडी सुजली.

डॉक्टरने तपासलं. तिचा चेहरा मास्कमागे होता, पण डोळे दिसत होते. "हा स्क्रू सैल झालाय. यावर काही जोर पडला होता का, अंकल? काही कडक चावलं?"

"नाही," मी म्हणालो.

रेजिना कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. ती उठली, पर्स घेतली आणि केबिनच्या बाहेर गेली. दार बंद झालेलं मी ऐकलं. चोपन्न-पंचावन्न वर्षांचा माणूस, तोंडात कापूस, आणि मुलीच्या वयाच्या डॉक्टरसमोर खोटं बोलून बसलेला.

"वाजवला मी," मी म्हणालो. "पुतणीच्या लग्नात."

ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. नाहीतर मी माझीच चूक शोधत बसले असते." हे मला तिच्या रागापेक्षा जास्त लागलं.

तो स्क्रू तिने त्याच दिवशी काढला. बोटांनी फिरवला तरी निघाला. पुन्हा हाड भरायचं, पुन्हा महिने थांबायचं, पुन्हा ड्रिल, पुन्हा थांबायचं. डॉक्टरपासून काही लपवू नका, एवढा एकच सल्ला मी छातीवर हात ठेवून देऊ शकतो.

भिंत

रेजिना माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. फिलिपशी मात्र बोलली, त्याच्या दारात उभी राहून, गावठाणाला ऐकू जाईल अशी.

"तुझ्या पोरीच्या हौसेसाठी माझ्या नवऱ्याच्या तोंडाची वाट लावलीस."

फिलिपची बायको मार्था पुढे आली आणि म्हणाली, "तो काय लहान बाळ होता? नाय म्हणायचं होतं." दोघीही खरं बोलत होत्या. त्यानंतर दोन्ही घरं एकमेकांशी बोलायची थांबली. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही राहत होतो, तिकडचा कुकर इकडे ऐकू यायचा, आणि रविवारी चर्चला दोन वेगवेगळ्या बाकांवर बसायचो.

पाच महिने असे गेले. काढलेल्याच्या जागी नवा इम्प्लांट बसवला. या वेळी मी ट्रम्पेट डॉक्टरच्याच दवाखान्यात नेऊन ठेवला. तिने तो फाइलींच्या कपाटात ठेवला आणि म्हणाली, "पेशंटने असं काही ठेवायला दिलं, हे पण पहिल्यांदाच."

त्यानंतर काही दिवसांनी फिलिप दारात आला. हातात पिशवी. आत आला नाही. "बोंबील आहेत," तो म्हणाला. "ताजे आहेत. त्याला चावायला लागत नाय." रेजिनाने एक क्षण त्याच्याकडे बघितलं आणि पिशवी घेतली. "बस," म्हणाली. तो बसला नाही, पण दुसऱ्या दिवशी मार्था रिकामी पिशवी न्यायला आली आणि अर्धा तास थांबली. आमच्यात माफी अशीच मागतात आणि अशीच देतात.

फिलिप

नव्या इम्प्लांटला अडीच महिने झाले होते तेव्हा फिलिप गेला. सकाळी चहा पिताना छातीत कळ आली, रिक्षातून हॉस्पिटलला नेईपर्यंत संपलं होतं. मार्था त्याच्याबरोबर रिक्षात होती. मी मागच्या रिक्षात.

बँडवाले दुपारी आमच्या अंगणात जमले. फिलिपने बापाला वाजवत कबरस्तानात नेलं होतं, आईलाही. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी डॉक्टरला फोन केला. सगळं सांगितलं. "एकच गाणं, डॉक्टर. माझा भाऊ आहे."

ती म्हणाली, "अंकल, मी दवाखाना उघडून ट्रम्पेट तुम्हाला आणून देते. तुमचा भाऊ आहे, मी अडवणार नाही. पण विचारताय म्हणून सांगते, अजून निदान सहा आठवडे हवेत. हाही गेला तर तिसऱ्यांदा धरेल इतकं हाड उरणार नाही."

मी अंगणात येऊन उभा राहिलो. काय ठरवलं ते मला अजून सांगता येत नाही. मी फक्त ट्रम्पेट मागवला नाही. वसईच्या मुलाला बोलावलं. तो आला, त्याने माझ्या भावासाठी वाजवलं, आणि चांगलं वाजवलं. मी शवपेटीचा पुढचा उजवा कोपरा खांद्यावर घेतला. रस्ताभर माझे ओठ आपोआप आवळले जात होते, सुरासुराला. लग्नात नाही म्हणायला हवं होतं तेव्हा म्हणालो नाही, आणि ज्या दिवशी वाजवायला हवं होतं त्या दिवशी नाही म्हणालो. लोक म्हणतात, शहाणपणा केलास. असेल. त्या दिवशी तो शहाणपणा मला चोरीसारखा वाटत होता.

घरी आल्यावर रेजिनाने माझे बूट काढले. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, तिने तसं कधी केलं नव्हतं.

नवे दात

चार महिने पुरे झाल्यावर दोन्ही स्क्रू घट्ट बसलेले होते. डॉक्टरने धातूच्या दांड्याने टकटक करून बघितलं, आवाज खणखणीत आला, तशी ती पहिल्यांदा मोकळेपणी हसली. मग मापं, मग चार दात. आरशात बघितलं तर मी होतो, बाप नव्हता.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगतो. या दातांना काही कळत नाही. खरा दात थंड ओळखतो, केस अडकला तरी ओळखतो. हे दात पाहुण्यासारखे बसलेले असतात. भाकरी तोडतात, पण ती मऊ आहे की कडक हे जिभेला विचारावं लागतं. ट्रम्पेट तोंडाला लावला तेव्हा तो कुठे टेकलाय हेच मला समजेना. आधी दाब कळायचा, त्यावरून सूर धरायचो. आता आंधळ्यासारखं चाचपायला लागतं. डॉक्टरने रोज पाचच मिनिटं दिली होती. पहिले पंधरा दिवस नुसती हवा आणि फरफर. रेजिना दुसऱ्या खोलीत भाजी चिरत बसायची. कधी "छान" म्हणाली नाही, कधी रेडिओही लावला नाही.

वरचे सूर पूर्वीसारखे येत नाहीत. येतील असं वाटत नाही. बँडमध्ये मी आता दुसरा ट्रम्पेट वाजवतो, पहिला वसईचा मुलगा. हिरड्या दर तीन महिन्यांनी साफ करून घेतो. शुगरची गोळी चालू आहे. रक्त येत असेल तर ब्रशला दोष देऊ नका, जा आणि दाखवा.

दोन नोव्हेंबर

मृतांच्या दिवशी आम्ही सगळे कबरस्तानात जातो. कबरी धुतात, झेंडूची फुलं लावतात, मेणबत्त्या पेटवतात, आणि फादर एकेका कबरीवर पवित्र पाणी शिंपडत फिरतात. त्या वर्षी मी ट्रम्पेट बरोबर नेला होता. कुणाला सांगितलं नव्हतं, रेजिना सोडून.

मार्था वयनी फिलिपच्या कबरीच्या कडेला बसून मेण खरवडत होती. लिनेट सासरहून आली होती, पाच महिन्यांची गरोदर. फादर पुढे गेल्यावर मी पेटी उघडली. मयताला वाजवतो ते गीत धरलं, अगदी खालच्या पट्टीत, सांभाळून, शेजारच्या कबरीजवळच्यांना त्रास नको म्हणून. मध्ये एक सूर फाटला. पुढे गेलो. संपवलं.

लिनेटने डोळे पुसले. रेजिना जमिनीकडे बघत होती. मार्था वयनीने खरवडणं थांबवून माझ्याकडे बघितलं.

"जरा जोरात वाजव रे," ती म्हणाली. "शेवटी शेवटी त्याला कमी ऐकू यायचं."

मी ओठ पुसले आणि पुन्हा सुरुवातीपासून धरलं.